प्रमोदचं ताट

ही गोष्ट खरी आहे. असं म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात, हे मला माहीत आहे. मीसुद्धा हसायचो.

भुताच्या गोष्टीला अमावस्या लागते, पिंपळ लागतो, रात्रीचे बारा लागतात. इथं त्यातलं काहीच नाही. जे घडलं ते पहाटे साडेपाच ते सकाळी आठ या वेळात घडलं. दूधवाला फिरत असतो, नळाला पाणी आलेलं असतं, बायका हंड्यावरून भांडत असतात... अशा वेळी.

जागा अंबरनाथ, बुवापाडा. आमच्या बुद्धविहारात. म्हणजे अगदी विहारात नाही. विहाराच्या मागे. ते पुढे येईलच.

ज्यांच्याबाबतीत घडलं ते माझे सख्खे मामा, आनंदा साळवे. शहाडच्या एका कंपनीत तीस वर्षं काढून रिटायर झालेले, विहाराच्या कमिटीचे सचिव. मामा म्हणजे भुताखेतांचा उभा वैरी. रस्त्यात लिंबू-मिरची दिसली की मुद्दाम पाय देऊन पुढे जाणार. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. तेव्हापासून आमच्याकडे ना नवस, ना उतारा, ना श्राद्ध. असा माणूस भुताची थाप मारणार नाही. मारून त्याला मिळणार काय?

मामांना दोन मुलं. थोरली किर्ती, तिला बदलापूरला दिलेली. धाकटा प्रमोद, घरातलं नाव पम्या. बावीस वर्षांचा. आयटीआय करून जांभूळला पाण्याच्या कामावर कंत्राटी वायरमन म्हणून लागलेला.

२६ जुलै २००५. आमच्या भागात महापुराची ही तारीख कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

दुपारी तीन वाजता प्रमोद सायकलवरून कामावरून निघाला. नदीकडच्या रस्त्यावर त्याच्या मित्राने, मुकेशने, त्याला पाहिलं. पाणी गुडघ्याला लागलेलं. मुकेश ओरडला, "पम्या, मागे फिर, पागल है क्या!"

प्रमोदने हसून हात हलवला.

त्यानंतर तो कोणाला दिसला नाही.

चार दिवसांनी सायकल सापडली, बाभळीत अडकलेली. प्रमोद सापडला नाही. मामा उल्हासनगर, कल्याण, ठाणे, सगळी हॉस्पिटलं फिरले. चादर वर करून दाखवतात ना, तसली तोंडं बघून आले. त्यातलं एकही आपलं निघालं नाही. याचा आनंद मानायचा की दुःख, हेही त्यांना कळेना.

पण बनूमामीचं ठरलेलं होतं.

"बॉडी दाखवा. मग रडते."

प्रमोद सातला घरी यायचा आणि मायलेक एकत्र जेवायला बसायचे. मामी रोज सातला त्याचं ताट वाढायची. भाकरी, कालवण, भात, कांदा. आणि समोर बसून राहायची. तो आला नाही की ताट झाकून उठायची, स्वतः घास घ्यायची नाही.

"तो जेवल्याबिगर मला जात नाय," एवढंच म्हणायची.

किर्तीने फारच रडून-ओरडून केलं तर चहात बुडवून दोन बिस्किटं खायची. दहा महिने असे गेले. धडधाकट बाई, अंगाचं नुसतं चिपाड झालं. मामा तिला उल्हासनगरला तीन नंबरच्या कॅम्पात एका सिंधी डॉक्टरकडे घेऊन गेले. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हातारा, सरळ बोलणारा होता. मामांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बीमारी कुछ नहीं है. इसको खिलाओ. नहीं तो भूक से जाएगी ये."

मुलगा गेला होता. आता बायकोही चालली होती. मामांच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट... बनू जेवली पाहिजे. कसंही करून.

विहाराच्या भिक्खूंनी, भन्तेजींनी, सुचवलं, मुलाच्या नावाने विहाराला काही दान द्या, मनाला शांतता लाभेल. मामांनी मूर्ती द्यायचं ठरवलं. पांढऱ्या संगमरवराची, अडीच फुटांची, ध्यानाला बसलेली. २००६ च्या बुद्धपौर्णिमेला ती बसवली. मूर्तीखाली पाटी लावली... 'कालकथित प्रमोद आनंदा साळवे यांच्या स्मरणार्थ'.

आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावापुढे कालकथित लिहितात. मामांचा हिशेब साधा होता. दगडावर कोरलेलं बघितलं की बनूचा बांध फुटेल, ती रडेल, आणि एकदा रडली की जेवेल.

मामी पांढरी साडी नेसून आली. वंदनेला बसली. खीर वाटली, तिने वाटीला हातसुद्धा लावला नाही. शेवटी पाटीपाशी गेली. अक्षरांवरून बोट फिरवलं.

रडली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची वंदना संपली, लोक पांगले, मामा मेणबत्त्या विझवत होते. तेवढ्यात मामी आली. हातात ताट, वर फडकं. तिने ताट मूर्तीपुढे ठेवलं. फुलं, अगरबत्ती आणि पाण्याची वाटी असते ना, त्यांच्या शेजारी.

मामा उडालेच.

"बनू, हे काय? आपल्यात नैवेद्य असतो का?"

"नैवेद कुठाय? त्याचं जेवण हाय."

"अगं पण इथं?"

"नाव तुमीच लावलंय ना इथं त्याचं? मग जेवायला इथंच येईल. घरी कशापायी येईल?"

 मामांनी विहाराचं पत्रा मारलेलं लोखंडी गेट ओढलं, कुलूप लावलं आणि तिला घरी आणलं. त्या रात्रीही ती जेवली नाही.

पहाटे साडेपाचला मामा विहार उघडायला गेले. हे त्यांचं रोजचं काम. झाडून घ्यायचं, फुलं बदलायची, वाटीत ताजं पाणी भरायचं. सहाला माणसं वंदनेला येतात.

ताट तसंच होतं. भात वाळलेला. भाकरीला मुंग्या.

अर्ध्या तासात मामी येणार होती. भरलेलं ताट बघणार होती. आणि पुन्हा उपाशी राहणार होती.

मामा मूर्तीपुढे उभे राहिले. मूर्तीचे डोळे अर्धवट मिटलेले, खाली ताटाकडे बघितल्यासारखे. मामांनी ताट उचललं, विहाराच्या मागच्या बोळात गेले आणि नाल्याकडेच्या मातीत सगळं उपडं केलं. खातील कुत्री. ताट धुतलं नाही. बोटाने निपटून घेतलं, कोणीतरी जेवल्यासारखं दिसावं म्हणून. आणि परत होतं तिथं ठेवून दिलं.

सहाला मामी आली.

तिने ताट पाहिलं... दोन्ही हातांनी उचललं... आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं.

"जेवला," ती म्हणाली.

घरी जाऊन तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. मामा मोरीत जाऊन रडले.

त्यानंतर माणूस काय करणार? तुम्ही असता तर काय केलं असतं? मामांनी रोज तेच केलं. रोज पहाटे ताट मागे नेऊन उपडं करायचं, निपटायचं, जागेवर ठेवायचं. आणि अर्ध्या तासाने त्याच मूर्तीपुढे हात जोडून सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायचं. त्यातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं. तिथं मामांचा आवाज बसायचा. शेजारच्यांना वाटायचं, सर्दी आहे.

मामी भरत गेली. गालावर मांस आलं. नळावर बायकांशी भांडायलासुद्धा लागली. मामा एवढे खूश, की खोटं आणखी नटवायला लागले. प्रमोदला वांगं आवडायचं नाही. एकदा मामी वांग्याचं कालवण घेऊन आली, तेव्हा मामांनी फोडी वेचून ताटाच्या कडेला काढून ठेवल्या. मामीने ते बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अजून खोड गेली नाय मेल्याची!" दिवसभर ती गुणगुणत होती.

कमिटीत कुजबुज झाली. अध्यक्ष आण्णा म्हणजे जुनं खोड. त्यांनी मामांना बाजूला घेतलं.

"आनंदा, सचिव तू. आणि आपल्या विहारात मेलेल्या माणसाला ताट? बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना तुला?"

"पाठ आहेत, आण्णा."

"मग?"

"बायको जगतेय माझी. तेवढं बघा."

आण्णांनी मान हलवली. पुन्हा विषयही काढला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मामांच्या डोळ्यांसमोर होती, पण डोक्यात शिरली नव्हती. बोळातली ती माती. दुसऱ्या दिवशी गेलं की ती स्वच्छ असायची. शीत नाही, कांद्याचं साल नाही. कालवणाचा डागसुद्धा नाही. कुत्री चाटून घेत असतील, एवढाच विचार करून मामा वळायचे. घाई असायची. मागे वळून कधी बघितलं नाही.

आठ महिने गेले.

जानेवारी २००७. रविवार. बदलापूरला किर्तीच्या मुलीचा वाढदिवस होता. मामांनी संध्याकाळची वंदना उरकली. मामीने ताट ठेवलं. मामांनी गेटला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि एकटेच बदलापूरला गेले. केक कापून परत यायचं, असं ठरलं होतं. किर्तीच्या बिल्डिंगचा जिना उतरताना पाय मुरगळला. असा सुजला की बूट जाईना. जावयाने परत फिरू दिलं नाही.

रात्रभर मामांचा डोळा लागला नाही. पायामुळे नव्हे. ताट भरलेलं होतं.

दुसरी किल्ली आण्णांकडे असायची. आण्णा त्या आठवड्यात गावी, नांदेडला.

सकाळी शेअर रिक्षा मिळून बुवापाड्यात पोचेपर्यंत साडेसात वाजले. लंगडत विहारापाशी आले. मामी गेटला धरून उभी होती. सहापासून. वंदनेला आलेले लोक कुलूप बघून केव्हाच परत गेले होते.

"उशीर का केला?" ती म्हणाली. "भांडं न्यायचंय मला."

मामा कुलपाशी गेले. किल्ली दोनदा खाली पडली. आता ती भरलेलं ताट बघणार... आता सगळं संपलं... आठ महिन्यांची मेहनत...

गेट सरकलं.

मामी पुढे गेली.

"जेवला," ती म्हणाली.

मामांना वाटलं, तिला नीट दिसलं नसेल. ते पुढे झाले.

ताट रिकामं होतं.

एक शीत नाही. आणि ताटात पाणी होतं. गढूळ, खरकटं पाणी. त्यात कांद्याची एक पाकळी तरंगत होती. शेजारची पाण्याची वाटी, जी मामांनी काल संध्याकाळी काठोकाठ भरून मूर्तीपुढे ठेवली होती... ती कोरडी पडलेली.

मामी खळखळून हसली.

"बघा! शेवटी ताटातच हात धुतला. कितीदा सांगितलंत, ऐकतोय का!"



प्रमोद जेवून झालं की ताटातच हात धुवायचा. मामांना त्याची भयंकर चीड. सव्वीस जुलैच्या सकाळी यावरूनच वाजलं होतं. "अन्नाची किंमत नाही तुला, उपाशी मरशील एक दिवस," असं मामा त्याला बोलले होते. आठ महिन्यांत त्यांनी मुलाच्या सगळ्या खोडी ताटात उठवल्या. वांग्याच्या फोडी काढल्या, भाकरीचा करपलेला तुकडा सोडला. ही एक खोड कधी केली नाही. हातच धजावला नव्हता.

खिडक्यांना जाळ्या होत्या. त्या तपासल्या, शाबूत. कुलूप शाबूत. उंदीर? उंदीर वाटी उचलून ताटात ओततो?

मामी ताट छातीशी धरून घरी गेली. मामा मागच्या बोळात गेले.

तिथं मागे चाळीची एक रांग आहे. शेवटच्या खोलीचं दार थेट नाल्याकडे उघडतं. तिथं सुंदराबाई राहते. नगरपालिकेच्या झाडूच्या कामावर आहे, पहाटेपासून जागी असते. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"सुंदराबाई, आज सकाळी विहारात कोणी आलेलं बघितलंस का?"

"नाय बा काका. तुमीच आज आला नाय." तिने सूप हलवलं. "रोज येता ना, टाकायला."

मामा चपापले. म्हणजे हिला माहीत होतं.

"ते... कुत्र्यांना टाकतो गं."

सुंदराबाईने सूप खाली ठेवलं.

"काका, इथं कुत्रं कुठाय?"

"म्हणजे?"

"पुराच्या सालापासून इकडं एक कुत्रं फिरकत नाय. माझं पाळलेलं होतं, ते बी पुढच्या रस्त्यावर जाऊन बसतं. हाक मारली तरी येत नाय."



"मग... खातं कोण?"

सुंदराबाई खाली बघायला लागली. तांदळातला खडा शोधत राहिली.

"मला काय म्हाईत. तुमी टाकून वळला की मी दार लावून घेते. आवाज तेवढा येतो."

"कसला आवाज?"

"जेवल्याचा," ती म्हणाली. "मचमच करतं. लई भूक लागलेल्या माणसावानी."

मामा त्या मातीकडे बघत उभे राहिले. ऊन पडलं होतं. समोर पोरं शाळेला चालली होती. माती ओली होती, आणि ओल्या मातीत चार-चार बोटांनी ओरबाडल्याचे फराटे होते. जुने, त्यांच्यावर नवे, पुन्हा त्यांच्यावर नवे...

आठ महिने ते रोज इथं अन्न फेकत होते. आज फेकलं नाही, म्हणून ते आत गेलं.

मामांनी त्याच दुपारी मामीला सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. का सांगितलं, हे मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "मी घाबरलो होतो रे. आणि वाटलं, खरं कळलं तर ती ताट ठेवायचं बंद करेल. मेलाय तो, हे तिच्या लक्षात येईल."

मामी शांतपणे ऐकत होती.  मामांना वाटलं, शिव्या देईल, डोकं आपटेल.

तिने फक्त विचारलं, "मातीत?"

"अगं, मला काय माहीत..."

"आठ महिने? मी केलेलं? मातीत?"

मामांनी मान डोलावली.

"मी इकडं दोन-दोन भाकरी हाणत व्हते," ती म्हणाली, "आन माझं लेकरू तिकडं भुईवरचं वेचून खात व्हतं."

त्या संध्याकाळी तिने ताट ठेवलं आणि घरी यायला नकार दिला. मूर्तीपुढे भिंतीला टेकून बसली. मामाही बसले. दोघं पहाटेपर्यंत. काही आलं नाही. मेणबत्ती विझली, दुसरी लावली. ताट भरलेलं राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती घरी थांबली. ताट भरलेलं. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी... भरलेलं. मामा ते मागे नेऊन टाकत नव्हते. टाकलं असतं तर खाल्लं गेलं असतं, हे त्यांना माहीत होतं. मामीलाही माहीत होतं. ती पुन्हा अन्नाला शिवेनाशी झाली.

"त्याला ताटाची सवय ऱ्हायली नाय," चौथ्या दिवशी ती म्हणाली. "एक डाव आला, बापाची वाट बघून आला. आता नाय यायचा."

पाचव्या पहाटे मामा विहार उघडायला गेले तर ती सोबत निघाली. मूर्तीपुढचं ताट तिने स्वतः उचललं. बोळात आली. सुंदराबाईचं दार लागलेलं होतं. मामी खाली वाकली आणि ताट हळूच मातीत पालथं केलं. भाकरी वेगळी, भात वेगळा, असं हाताने सारखं केलं.

"चल," मामा म्हणाले. "मागे बघू नको."

दोघं वळले. चार पावलं चालले.

मागून आवाज आला.

आधी ओल्या कपड्यांतून पाणी गळावं, तसं टप... टप... मग मातीत काहीतरी घसटल्याचा... आणि मग तोच. मचमच... मचमच... मध्येच श्वास घ्यायला थांबून पुन्हा.

मामांनी मामीचा दंड घट्ट धरला होता.

तिने वळून बघितलं.

मामा म्हणतात, ती ओरडली नाही. फक्त तिच्या दंडातली ताकद गेली. आवाज थांबला होता. मामांनी तिला जवळजवळ उचलूनच पुढे रस्त्यावर आणलं. तिथं दूधवाला उभा होता. "क्या हुआ भाभी को?" म्हणाला. मामा काय सांगणार?

घरी आल्यावर ती अंथरुणाला टेकली. काय दिसलं, हे मामांनी किती वेळा विचारलं. किर्तीने विचारलं. संध्याकाळी तिने एकदाच तोंड उघडलं.

"त्यानं वळखलं नाय मला, अवो."

"कोणी गं?"

"मी बघितलं तर त्यानं अन्नावर आडवा हात धरला. मी हिसकून घेईन म्हणून."

त्यानंतर मामीने घास घेतला नाही. मामांनी हात जोडले, पाय धरले. किर्ती बदलापूरहून येऊन राहिली. दवाखान्यात सलाईन लावली, ती हाताने उपसून काढायची. तिला रागही नव्हता कशाचा. मामांनी चमच्याने पेज तोंडाशी धरली की ती त्यांच्याकडे बघायची आणि मान वळवायची.

१९ मार्च २००७. बनूमामी गेली. डॉक्टरांनी कारण लिहिलं अशक्तपणा.

मामांना जिला जगवायचं होतं, तिला त्यांनी आठ महिने जगवलं. तेवढंच त्यांच्या हाताला लागलं.

पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले, सूत्रपठण झालं, पाहुणे जेवून गेले. मामांनी तिच्या नावाने मूर्ती दिली नाही की पाटी लावली नाही. मला वाटलं, ताटाचा प्रकार संपला.

पुढे पावणेतीन वर्षांनी, २००९ च्या डिसेंबरात, मी कामानिमित्त अंबरनाथला गेलो आणि मामांकडे मुक्काम केला. पहाटे जाग आली तर स्वयंपाकघरात दिवा. मामा भाकऱ्या थापत होते. जेवढ्या एका माणसाला लागत नाहीत, तेवढ्या.

"मामा, एवढ्या?"

"चल माझ्याबरोबर," ते म्हणाले.

विहारात त्यांनी झाडलं, फुलं बदलली, वाटीत पाणी भरलं. मूर्तीपुढे ताट नव्हतं. मग डबा घेऊन मागे गेले. मी बोळाच्या तोंडाशी थांबलो. तेव्हाच त्यांनी मला हे सगळं सांगितलं, तिथं उभ्या-उभ्या, डबा हातात घेऊन. मला मध्येच हसू आलं. खरंच सांगतो, आलं. एवढा कडवा माणूस, आणि म्हातारपणी काय हे.

मग त्यांनी डबा उघडला. अर्ध्या भाकऱ्या आणि कालवण भिंतीपाशी टाकलं. चार पावलं बाजूला सरकले. उरलेलं तिथं टाकलं. वेगळं.

"दोन ठिकाणी का?" मी विचारलं.

"एका जागी टाकलं तर तिच्या वाट्याला काही येत नाही," मामा म्हणाले. "तो येऊ देत नाही."

माझं हसू गेलं.

आम्ही वळलो. मामांनी माझा दंड धरला होता.

मागून आवाज आला. भिंतीपासून. मचमच... मचमच...

मी जागच्या जागी थिजलो. नाल्याचं पाणी असेल. डुक्कर असेल. मी मनात म्हणत होतो...

आणि मग दुसऱ्या बाजूने. हळू. बाईमाणूस जेवतं तसा, तोंड मिटून.

मामा माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरलेले होते, आणि तोंडावर... मला ते सांगताना अजून कसंतरी होतं... समाधान होतं.

"जेवते रे आता ती," ते म्हणाले. "पोटभर जेवते."

त्यांनी पुढच्या नळावर डबा धुतला. वंदनेची माणसं यायला लागली होती. मामा त्यांच्यात जाऊन बसले.

मी त्याच सकाळी निघालो. ते काय होतं, मला सांगता येणार नाही. मी वळून बघितलं नव्हतं.

मामांचा फोन असतो अधूनमधून. गेल्या आठवड्यात म्हणाले, गुडघे फार दुखतात, पहाटे उठवत नाही, भाकरी थापताना हात थरथरतो. मग म्हणाले, तू इकडेच खोली का बघत नाहीस, बुवापाड्यात भाडं कमी आहे.

मी म्हटलं, इकडे आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला.